आत्या, तो फोटो आला नव्हता

प्रिय आत्या,

काल नेकनूरला जाऊन आले. तुमच्या बहिणीकडे, कौसामावशींकडे. आज दुपारपासून लाईट नाही, कॉम्प्युटर बंद आहे, म्हणून वही घेऊन बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही पत्र लिहितेय. तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, "आन् वाचून कोन दावनार गं मला?" मीच दाखवीन. लिहून झालं की तुमच्या फोटोसमोर बसून मोठ्यानं वाचणार आहे. तुमच्या मालकांनी, मामांनी ऐकलं तरी चालेल. नवऱ्यानं ऐकलं तरी चालेल.

नेकनूरला काय झालं ते सांगायचं आहे. पण त्याआधी एक खोटं कबूल करायचं आहे. गणेशभाऊजींच्या लग्नात मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि तुम्ही ते खरं धरून गेलात. सासूशी सून थोडंफार खोटं बोलतेच, दूध उतू गेलं तरी मांजरानं सांडलं म्हणते. हे तसलं नव्हतं.

एकदम तिथे जायची छाती होत नाही. थोडं मागचं बोलू द्या.

लग्न होऊन मी वडवणीला आले तेव्हा तुमच्या लेकाचा फोटो स्टुडिओ चांगला चालायचा, पण लग्नाचे फोटो गाण्यावर एकामागून एक लावून त्यांचा स्लाइड शो करायचं काम बीडला पाठवावं लागायचं. मी कॉम्प्युटर शिकून आलेली. म्हटलं, मी करते. मामा म्हणाले, करू द्या पोरीला. तुम्ही हो की नाही काहीच म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मेथीची जुडी घेऊन माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसायला लागलात. मला वाटलं, सासूबाई पाळत ठेवतायत. वाटणारच ना? नवीन सून मी.

मग ते हाराचं प्रकरण झालं. आठवतं का? एका आजींच्या वर्षश्राद्धाचं काम होतं. श्रद्धांजलीचा एक तयार साचा मिळतो, त्यात फोटो टाकला की भोवती आपोआप चंदनाचा हार पडतो. मी खुशाल सगळे फोटो त्यात ओतले. आजींचे ओतले, आजोबांचे ओतले, लेकी-सुना, नातवंडं, गोठ्यातली म्हैससुद्धा. तुम्ही मेथीवरून मान वर केलीत आणि काडी हातात तशीच धरून म्हणालात, "अगं, ह्यो म्हातारा जिता हाय. परवा बाजारात माज्याशी बोलला. जित्या मान्साला हार घातलास व्हय?"

त्या दिवशी तुम्ही शेजारी नसता तर भर मांडवात आजोबांनी स्वतःला हारात पाहिलं असतं, आणि आम्हाला दुकान उचलून दुसऱ्या तालुक्यात न्यावं लागलं असतं. तेव्हापासून तुमची खुर्ची पक्की झाली.

हळूहळू मला कळलं की जे मला कुठल्याही क्लासात शिकवलं नाही ते तुम्हाला येतं. मी प्रत्येक फोटोला तीन सेकंदं द्यायचे. तुम्हाला ते पटायचं नाही. "लई पळवतीस तू. म्हाताऱ्या मान्सांना कोन कुनाचं ते आठवाया येळ लागतो." मग तुम्ही तुमची रीत काढलीत. फोटो आला की तुम्ही तो कुणाचा ते बोलायचात: "ही आमच्या पालीच्या नंदंची थोरली लेक, वडवणीला दिलेली." वाक्य संपलं की मी बटण दाबायचं, तेवढाच वेळ त्या फोटोला. ज्याचं नातं लांबचं त्याचं वाक्य लांब, म्हणून त्याला जास्त वेळ. सख्ख्याला कमी. किती सरळ हिशोब होता. लोक म्हणायचे, वडवणीच्या स्लाइड शोत सगळे ओळखू येतात, बाकीचे नुसते भुर्रकन जातात. मी अजूनही तसंच करते, फक्त आता वाक्य मनात म्हणावं लागतं आणि निम्मी नाती मला माहीत नसतात.

आणि भांडणं! तालुक्यातली सगळी भांडणं तुम्हाला तोंडपाठ. "ह्या दोघांचे फोटू लागोपाट नगं. बांधावरून बोलत न्हाईत. मधी नवरीचा मामा घाल." आपण मधे मामा घालायचो. मामा संपले तर देवळाचा फोटो घालायचो. तुमच्या हाताखालून गेलेल्या एकाही स्लाइड शोवरून कुणी रुसून उठलं नाही.

पण आत्या, राग मानू नका, स्वतःच्या भांडणात मधे घालायला तुम्हाला कुणी सापडलं नाही ना?

मी या घरात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट ती. तुमची आई कौसामावशींकडे नेकनूरला असायची. ती गेली तेव्हा निरोप तुम्हाला उशिरा मिळाला. फोन तेव्हा आपल्याकडे नव्हता. निरोप घेऊन निघालेला माणूस बीडच्या स्टँडवर दुसऱ्याच कामात गुंतला, असं मावशी सांगत राहिल्या. तुम्ही पोचलात तेव्हा सरण विझत आलं होतं. "आईचं तोंड दावलं न्हाई तिनं," हे एकच वाक्य तुम्ही वीस वर्षं बोलत राहिलात. दोघी एकमेकींच्या कार्याला यायच्या, एकाच पंगतीत बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. घरच्या कुठल्याही स्लाइड शोत मावशींचा फोटो नसायचा. पहिल्यांदा मी अजाणता घेतला होता तेव्हा तुम्ही फक्त "तिचा नगं" म्हणालात आणि मेथी निवडत राहिलात. पुन्हा मी विचारलं नाही.

आता लग्नाचं सांगते.

गणेशभाऊजींचा स्लाइड शो मी आठ दिवस खपून केला होता. पाळण्यातल्या फोटोपासून ते साखरपुड्यापर्यंत, आणि शेवटी मानाचे फोटो: आत्या, मावश्या, मामा. हळदीच्या दिवशी दुपारी तो शिजायला लावला होता. हा तुमचाच शब्द. सगळे फोटो आणि गाणी एकत्र होऊन त्याचा एक व्हिडिओ व्हायला आपला जुना कॉम्प्युटर दीड तास घ्यायचा, आणि तुम्ही दर थोड्या वेळानं डोकावून विचारायचात, "शिजलं का?"

निम्मं झालं होतं. तेवढ्यात तुम्ही आलात. हातांना हळद, पदर खोचलेला. चौकटीला टेकून उभ्या राहिलात, आणि मला म्हणालात की कौसीचा फोटो लाव. कुठला लाव तेही सांगितलंत, आणि तोच का, तेही. ते शब्द पुढे येतीलच. मी म्हणाले, "हो आत्या, लावते." तुम्ही जरा वेळ तशाच उभ्या होतात. आणखी काही बोलायचं असेल असं मला वाटलं. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि तुम्ही गेलात.

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. मावशींचा फोटो घालायचा तर झालेलं सगळं थांबवून पुन्हा पहिल्यापासून दीड तास. बाहेर कासारीण बांगड्या भरायला बसलेली, बायका माझ्या नावानं ओरडत होत्या. मी मनात म्हटलं, सकाळी करू. सकाळी म्हटलं, आता कुठे करत बसू. मावशी येतील की नाही तेही माहीत नाही.

विसरले होते असं म्हणता आलं असतं. विसरले नव्हते, आत्या. कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात पडदेवाल्या युनूसभाईंनी मोठा पडदा लावला. मावशी आल्या होत्या. दुसऱ्या रांगेत, चष्मा पुसून, पडद्याकडे तोंड करून बसलेल्या. मानाचे फोटो सुरू झाले. तुमच्या चुलत बहिणी आल्या, मावस बहिणी आल्या, प्रत्येकीच्या फोटोला बायका हसत होत्या, बोटं दाखवत होत्या. सख्खी बहीण आली नाही. शेजारच्या बायका मावशींकडे बघायला लागल्या. अक्षता पडायच्या आत त्या पिशवी उचलून निघून गेल्या. मी पाहिलं. मी पेनड्राइव्ह काढत तिथेच उभी होते.

तुम्ही तेव्हा आत विहीणबाईंची ओटी भरत होतात. बाहेर आलात आणि पहिलं तेच विचारलंत, "आला का गं कौसीचा फोटू?"

मी म्हणाले, "आला की."

"बगितला तिनं?"

"बघितला."

तुमचा चेहरा कसा झाला होता हे तुम्हाला कधी कळलं नसेल. आपला चेहरा आपल्याला कुठे दिसतो? मी पाहिला होता, आणि तरी गप्प राहिले. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं, की चला, आत्या खूश झाल्या.

पुढे आणखी वाईट केलं मी. चार दिवसांनी तुम्ही म्हणालात, "मला दाव ते सगळं, मी आत हुते." तेव्हा मी तो फोटो घातला. पहिल्यापासून पुन्हा शिजवला, दीड तास बसले, आणि मग तुम्हाला दाखवला. त्या दिवशी दीड तास बरा मिळाला मला! मावशींचा फोटो आला तशी तुम्ही पुढे वाकून पदरानं स्क्रीन पुसलीत. पुन्हा लावायला सांगितलंत. मी पुन्हा लावला.

मग तुम्ही वाट बघत राहिलात. फोन वाजला की तुम्ही मान वळवायचात. संक्रांत आली, गेली. एकदा भाकरी थापताना तुम्ही म्हणालात, "फोटू लावून बी बोलली न्हाई. मी माजं केलं. तिला करायचं न्हाई, त्याला कोन काय करनार?" मी चुलीतली लाकडं पुढे सारत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. जेवढे दिवस गेले तेवढं अवघड होत गेलं, आणि तुम्ही तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलात की माझी सून एका शब्दात ऐकते.

नंतर तुमचं दुखणं. आठ दिवसांत सगळं आटोपलं. मावशी आल्या त्या तुम्हाला न्यायच्या वेळी. त्यांनी तुमचं तोंड पाहिलं. तुमच्या पायांशी बसल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. तेव्हाही मी बोलले नाही.

मागच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. कीर्तन चांगलं झालं, पंगती चांगल्या उठल्या, बुंदी जरा कडक झाली होती. तुमचा स्लाइड शो मी एकटीनं केला. मामांना हार पडला नाही, काळजी करू नका, चारदा तपासला. आणि मावशींचा तो फोटो घातला. तुमच्या रीतीनं "ही माझी धाकटी बहीण" एवढंच वाक्य होतं, चार सेकंदं पुरली असती. मी बारा ठेवली. मनात म्हटलं, आता फिटलं.

फिटलं कसलं! फोटो आला तशा सगळ्या बायकांनी मागे वळून मावशींकडे पाहिलं. त्या शेवटच्या रांगेत होत्या. जेवणं झाल्यावर हात धुवायला नळावर आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आक्कानं जित्तेपनी माजा फोटू लग्नात बी लावू दिला न्हाई. तू लावलास. तुजं मन लई मोठं हाय, बाई. तिचं न्हवतं."

आत्या, त्यांनी मला आशीर्वाद दिला. तुमच्या श्राद्धाच्या दिवशी, तुमच्याच अंगणात, माझ्या पापाचं खापर तुमच्या डोक्यावर फुटलं आणि मोठेपणा मला मिळाला. आणि मी काय केलं? त्यांच्या हातावर पाणी घातलं. युनूसभाई पडदा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "भाभी, खाला की फोटो अच्छी आयी." मावशींना ते खाला म्हणतात. मी त्यांनाही हो म्हणाले. मावशी चारच्या गाडीनं गेल्या.

त्यानंतर मला तुमच्या फोटोला उदबत्ती लावता येईना. कुणालाही कळलं नसतं, कधीच. तुम्ही नाही, मावशींना माहीत नाही, कॉम्प्युटर बोलत नाही. पण मावशी आता सत्तरीला आल्यात. त्या गेल्या तर तुमच्यावरचा राग घेऊन जातील, आणि तो राग खोटा आहे हे जगात एकट्या मला माहीत. म्हणून काल मामांना "बीडला काम आहे" म्हणून सांगून निघाले. बघा, तिथेही खोटंच. आल्यावर त्यांना खरं सांगितलं.

मावशी ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला सारलं, चहाला उठायला लागल्या. मी म्हटलं, आधी बसा. आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हळद, चौकट, दीड तास, "आला की". काहीच ठेवलं नाही.

त्या बराच वेळ ज्वारीत बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्सं मी तिला शिव्या घातल्या. ती मेली तवा बी मनात घातल्या. कावून केलंस गं असं?"

"कंटाळा केला, मावशी."

"निस्ता कंटाळा?"

"हो."

मी माफ करा म्हणायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "माज्या पाया पडून काय व्हतंय? माफ करनारी गेली. ऊठ. जा तू."

त्यांचं चुकलं नाही. मी उठले, चपला घातल्या, अंगणातनं फाटकापर्यंत आले. तिथे मागून हाक आली. "थांब. फोटू हाय का तो तुज्याजवळ?"

मोबाइलमध्ये तुमचा आख्खा स्लाइड शो होता, तोच लावला. तुमचे फोटो एकामागून एक जात होते. मावशी मोबाइल लांब धरून बघत होत्या. त्यांचा फोटो आला, मळ्यातला, तुम्ही दोघी विहिरीपाशी उभ्या, त्यांचा हात तुमच्या खांद्यावर. बारा सेकंदं संपून तो गेला. "मागं घे," त्या म्हणाल्या. मी मागे घेतला. "आता थांबीव. जाऊ देऊ नगं." मी थांबवला.

"तिनं ह्योच सांगितलता?"

"हाच."

"माजे दुसरे लई हुते की. लग्नातला हाय, यात्रंतला हाय. ह्योच कावून?"

तेव्हा मी तुमचे शब्द सांगितले, आत्या. चौकटीला टेकून बोललात तेच. "हिरव्या लुगड्यातला लाव. त्यात कौसी आईवानी दिसती. मला तेवढंच बगायला मिळंल."

मावशींनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला, सावकाश, दुसऱ्या कुणाचा तरी गाल असावा तसा. मग म्हणाल्या, "परत सांग. तिच्या बोलीत सांग, तुज्या न्हाई."

मी परत सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी "आईवानी"च्या पुढे मला बोलता येईना, तर पुढचं त्यांनीच पुरं केलं.

त्यांनी मला माफ केलं असं समजू नका. चहा दिला नाही, कुंकू लावलं नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "म्हैन्याला येत जा. ह्येच सांगाया. मी इसरत न्हाई, पन मला दुसऱ्याच्या तोंडून आयकायचं असतंय."

तर आत्या, जाणार आहे. दर महिन्याला नेकनूरची गाडी धरीन, ओट्यावर बसेन, आणि मावशी जेवढ्या वेळा विचारतील तेवढ्या वेळा तुमचं बोलणं सांगेन. एक शब्द कमी नाही, पदरचा एक जास्त नाही. तुमचा निरोप माझ्यापाशी दोन वर्षं अडकून पडला होता, आता मावशी आहेत तोवर तो पोचवत राहीन. हा माझा शब्द, आणि हा खरा आहे.

तुमची सून,
अर्चना